हॅजॲटर नुसतं बघत नाही, आत हात घालून बघतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतलं पायथनचं सदर मी पहिल्या भागापासून वाचतेय आणि मराठीत इतकं सरळ लिहिलेलं प्रोग्रामिंगवरचं काही रोजच्या पेपरात येतं याचा मला मनापासून आनंद आहे, म्हणूनच हे पत्र जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या. गेल्या भागात एक सल्ला होता की ऑब्जेक्टच्या (म्हणजे प्रोग्राममधल्या एखाद्या वस्तूच्या) कुठल्याही ॲट्रिब्यूटला, म्हणजे त्या वस्तूवर नावाने ठेवलेल्या माहितीला, हात लावायच्या आधी हॅजॲटर (hasattr) हे फंक्शन लावून ते आहे की नाही हे बघून घ्यावं, म्हणजे प्रोग्राम मधेच बंद पडत नाही, आणि ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. मी बरीच वर्षं पायथनमध्ये काम करते, नवीन आलेल्या मुलामुलींचं कोड तपासते, आणि या एका सवयीपायी गेलेले तास मी स्वतः मोजलेत. म्हणून लिहायला बसले.

आधी हे फंक्शन करतं काय ते नीट बघू. हॅजॲटर(ग्राहक, 'ईमेल') असं लिहिलं की आपल्याला वाटतं पायथन ग्राहकाच्या कुठल्यातरी यादीत डोकावून 'ईमेल' नावाची नोंद आहे का ते बघून येतं. तसं होत नाही. ते सरळ ग्राहक.ईमेल मागायला जातं, जे गेटॲटर (नावावरून किंमत आणून देणारं फंक्शन) करतं तेच, आणि ॲट्रिब्यूटएरर, म्हणजे 'असं ॲट्रिब्यूट सापडलं नाही' हा एरर, आला तर फॉल्स (नाही) म्हणतं, नाही आला तर हातात आलेली किंमत टाकून देतं आणि ट्रू (हो) म्हणतं. म्हणजे प्रश्न 'आहे का' असा नाहीच, प्रश्न आहे 'मागितलं तर मिळतं का', आणि उत्तर द्यायला ते खरोखर मागून बघतं. कपाटात वस्तू आहे का हे बाहेरून काचेतून बघणं वेगळं आणि कपाट उघडून आत हात घालणं वेगळं. हॅजॲटर हात घालतं.

साध्या ॲट्रिब्यूटला याने काही फरक पडत नाही हे खरंय. पण ॲट्रिब्यूट प्रॉपर्टी असेल, म्हणजे दिसायला नुसतं नाव पण मागे एक फंक्शन चालतंय, तर नुसतं विचारण्यासाठी ते अख्खं फंक्शन चालतं. त्यात फाइल वाचली जात असेल तर फाइल वाचली जाते, नेटवर्कवर कॉल जात असेल तर तो जातो. जँगोमध्ये (वेबसाइट बनवायच्या पायथनच्या चौकटीत) एकास-एक नातं असलेल्या मॉडेलवर (डेटाबेसमधल्या तक्त्याच्या पायथनमधल्या रूपावर) उलट्या बाजूने हॅजॲटर लावलं तर डेटाबेसकडे क्वेरी जाऊ शकते, आणि तिथे नोंद नसल्यावर जो एरर येतो तो जँगोवाल्यांनी मुद्दाम ॲट्रिब्यूटएररचाही वारस करून ठेवलाय, का, तर हॅजॲटरने विचारता यावं म्हणून. ते विचारपूर्वक केलंय, तक्रार नाही. पण हजार नोंदींच्या लूपमध्ये ही ओळ टाकणाऱ्याला आपण हजार वेळा डेटाबेसचं दार वाजवतोय हे माहीत असायला हवं, आणि 'आधी बघून घ्या' एवढंच शिकवलं तर ते माहीत होत नाही.

आता माझ्यावर बेतलेलं सांगते. बिलं काढणारा एक प्रोग्राम होता. ग्राहक नावाचा क्लास (ऑब्जेक्ट कसे असावेत याचा साचा), त्यात सवलत नावाची प्रॉपर्टी, ती जुन्या खरेदीवरून आकडा काढायची. सगळ्या ग्राहकांना सवलत नसायची, म्हणून बिल काढणाऱ्या भागात मीच लिहिलं होतं की हॅजॲटर(ग्राहक, 'सवलत') असेल तर वजा कर, नसेल तर पूर्ण रक्कम लाव. पुढे कधीतरी प्रॉपर्टीच्या आतलं कोड बदललं आणि सेल्फ.जुनी_खरेदी (सेल्फ म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः) च्या जागी स्पेलिंगमधलं एक अक्षर चुकलं. त्या चुकीमुळे प्रॉपर्टीच्या आत ॲट्रिब्यूटएरर आला, तो वर हॅजॲटरपर्यंत पोचला, आणि हॅजॲटरला हे कळायला काही मार्गच नाही की हा एरर 'सवलत' नाही म्हणून आलाय की 'सवलत' आहे पण तिच्या पोटात दुसरंच काहीतरी सापडलं नाही म्हणून आलाय. त्याने फॉल्स सांगितलं. प्रोग्राम न अडखळता पुढे गेला आणि ज्यांना सवलत द्यायची होती त्यांनाही पूर्ण रकमेची बिलं गेली. लॉगमध्ये एक ओळ नाही, कुठे लाल अक्षर नाही, टेस्ट हिरव्या, कारण टेस्टमधल्या ग्राहकांना सवलतच नव्हती. एका ग्राहकाने मागचं आणि आताचं बिल शेजारी ठेवून फोन केला तेव्हा कळलं. चूक सापडायला दोन दिवस गेले आणि ते दोन्ही दिवस आम्ही सवलतीचं गणित तपासत होतो, कारण गणित चुकलं असेल असंच कुणालाही वाटेल, 'आहे का' हा प्रश्न खोटं उत्तर देईल असं डोक्यात येत नाही. ती एक ओळ लिहिलीच नसती आणि सरळ ग्राहक.सवलत मागितलं असतं तर पहिल्याच बिलाला प्रोग्राम थांबला असता, ट्रेसबॅकमध्ये (एरर कुठे आला ते सांगणाऱ्या मजकुरात) फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर आला असता आणि पाच मिनिटांत काम झालं असतं.

म्हणून सदरातलं 'प्रोग्राम मधेच बंद पडत नाही' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. बंद न पडणं म्हणजे बरोबर चालणं नव्हे. शिकणाऱ्याच्या मनात हे पक्कं बसायला हवं की एरर हा निरोप असतो, आणि निरोप्याचं तोंड बंद केलं की घरात काय झालंय ते कळत नाही.

पूर्वी तर हे याहून वाईट होतं. पायथन २ मध्ये हॅजॲटर जवळजवळ कुठलाही एक्सेप्शन (एरर) गिळून फॉल्स सांगायचं. शून्याने भागलं, फॉल्स. नेटवर्क तुटलं, फॉल्स. फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या ३.२ आवृत्तीपासून हे बदललं, आता फक्त ॲट्रिब्यूटएरर म्हणजे फॉल्स, बाकीचे एरर जसेच्या तसे वर येतात. पायथन २ ला १ जानेवारी २०२० ला अधिकृत निरोप मिळाला तरी त्या काळातली उत्तरं, नोट्स, क्लासचे झेरॉक्स अजून फिरतायत आणि 'हॅजॲटर कधी एरर देत नाही' हे वाक्य त्यातून अजून नवीन मुलांपर्यंत पोचतंय. देतं. प्रॉपर्टीच्या आत व्हॅल्यूएरर आला तर हॅजॲटरमधून तो बाहेर येतो, आणि आलाच पाहिजे.

अगदी नव्यांसाठी आणखी काही गोष्टी, कारण माझ्याकडे तपासायला येणाऱ्या कोडमध्ये त्याच त्या पुन्हा दिसतात. नाव अवतरणात द्यायचं असतं, ती स्ट्रिंग आहे, अवतरण विसरलं तर पायथन त्या नावाचा व्हेरिएबल शोधायला जातो आणि नेमएरर देतो, हे एकदा झालं की लक्षात राहतं. पण डिक्शनरीचा घोळ लवकर लक्षात येत नाही: डिक्शनरीत (नावाखाली किंमत ठेवायच्या यादीत) 'नाव' ही की (key, म्हणजे ते नाव) असली तरी हॅजॲटर(नोंद, 'नाव') फॉल्सच येणार, कारण की ही डिक्शनरीच्या पोटातली वस्तू आहे, डिक्शनरीचं ॲट्रिब्यूट नाही, तिथे 'नाव' इन नोंद असं विचारायचं. जेसन (माहितीची देवाणघेवाण करायचा मजकुरी साचा) वाचून आलेल्या डेटावर हॅजॲटर लावणारे मी इतके पाहिलेत की आता मी आधी तिथेच बघते. तिसरं म्हणजे नन (None), म्हणजे 'काहीच नाही' अशी किंमत. ग्राहक.ईमेल ची किंमत नन असेल तरी हॅजॲटर ट्रूच सांगतं, कारण ॲट्रिब्यूट आहे, त्यात काही नाही एवढंच. बहुतेक वेळा आपल्याला खरं तर 'ईमेल भरलेला आहे का' हे विचारायचं असतं आणि आपण 'ईमेलची जागा आहे का' हे विचारून बसतो, मग ननला मेल पाठवायला जातो आणि तिथे पडतो. उलट बाजूने, क्लासमध्ये नुसतं ईमेल: एसटीआर (str, म्हणजे स्ट्रिंग) असं टाइप लिहून ठेवलं आणि किंमत कधी दिलीच नाही तर ते ॲट्रिब्यूट तयार होत नाही, ती फक्त टिपण आहे, तिथे उत्तर फॉल्स. स्लॉट्समध्ये (ऑब्जेक्टला कुठली ॲट्रिब्यूट्स असतील त्या यादीत) नाव जाहीर केलं पण किंमत दिली नाही, तरी फॉल्स.

दोन अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या नावांचं तर वेगळंच आहे. खातं नावाच्या क्लासमध्ये सेल्फ.__शिल्लक लिहिलं की पायथन आतल्या आत त्याचं नाव _खातं__शिल्लक असं बदलून ठेवतो. हा बदल कोडमधल्या नावाला होतो, स्ट्रिंगला होत नाही. म्हणून हॅजॲटर(माझं_खातं, '__शिल्लक') फॉल्स येतं, अगदी त्याच क्लासच्या आतून विचारलं तरी, आणि माणूस तासभर बघत बसतो की समोर दिसतंय ते नाही कसं म्हणतोय.

इथे उदाहरणातली नावं मी मराठीत लिहिलीत ती फक्त वाचायला सोपी जावीत म्हणून नाही, पायथन ३ मध्ये ती खरोखर चालतात, देवनागरीत व्हेरिएबलची नावं देता येतात. आणि त्यातच एक खाच आहे जी मराठीत लिहिणाऱ्यालाच भेटते. 'दुसऱ्या' मधला ऱ दोन तऱ्हेने टाइप होऊ शकतो, एक म्हणजे सरळ ऱ हे एकच अक्षर, दुसरं म्हणजे साधा र आणि त्याला वेगळा नुक्ता. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. पायथन कोडमधली नावं वाचताना त्यांचं एक ठरावीक रूप करून घेतो, म्हणजे र आणि नुक्ता आला तर त्याचा एकच ऱ करतो, पण अवतरणातल्या स्ट्रिंगला हात लावत नाही. त्यामुळे र-नुक्तावाल्या कीबोर्डवर नोंद.दुसऱ्याचं_नाव लिहिलं तर ते चालतं आणि त्याच कीबोर्डवर तेच नाव हॅजॲटरच्या अवतरणात टाइप केलं तर फॉल्स येतं. मराठी नावांनी प्रयोग करणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावं, ही चूक डोळ्याला दिसतच नाही.

मग विचारायचं कसं, हा खरा प्रश्न. माझं म्हणणं, आधी हे बघा की ऑब्जेक्ट कुणाचा आहे. क्लास आपणच लिहिलेला असेल तर त्याला काय आहे आणि काय नाही हे आपल्यालाच माहीत पाहिजे, त्याला विचारायची वेळ येणं म्हणजे क्लास अर्धवट लिहिलाय. डंडर इनिटमध्ये (__init__, ऑब्जेक्ट तयार होताना चालणारं फंक्शन) सगळी ॲट्रिब्यूट्स लिहून टाकायची, किंमत अजून नसेल तर नन ठेवायचं, आणि पुढे 'इज नन' असं विचारायचं. हे एकदा केलं की अर्धी हॅजॲटर आपोआप गळून पडतात. एकदाच काढायचा आकडा साठवून ठेवण्यासाठी लोक 'इफ नॉट हॅजॲटर(सेल्फ, '_कॅश')' असं लिहितात, त्याची पण आता गरज नाही, ३.८ पासून फंकटूल्स मॉड्यूलमध्ये कॅश्ड-प्रॉपर्टी आहे, ती हेच काम स्वच्छ करते.

ऑब्जेक्ट बाहेरून आलेला असेल आणि ॲट्रिब्यूट असेल-नसेल अशी खरोखर परिस्थिती असेल तर गेटॲटरला तिसरी गोष्ट देता येते, गेटॲटर(ग्राहक, 'टोपणनाव', 'पाहुणा'), असेल तर ते मिळतं, नसेल तर 'पाहुणा' मिळतं, एकाच फेरीत काम. हॅजॲटरने विचारून मग पुन्हा ग्राहक.टोपणनाव घेतलं तर दोन फेऱ्या होतात आणि मागे प्रॉपर्टी असेल तर तिचं कोड दोनदा चालतं.

आणि मग ट्राय-एक्सेप्ट, म्हणजे करून बघायचं आणि एरर आला तर पकडायचा. पायथनच्या अधिकृत शब्दसूचीत दोन पद्धतींची नावंच आहेत, एक 'उडी मारण्याआधी बघा' आणि दुसरी 'परवानगीपेक्षा माफी मागणं सोपं', आणि पायथनमध्ये दुसरी पद्धत सर्रास वापरली जाते असं तिथेच लिहिलंय. पहिल्या पद्धतीचा एक धोकाही तिथे सांगितलाय, की अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) चालू असताना बघणं आणि उडी मारणं यांच्या मधल्या वेळात दुसराच कुणीतरी ती गोष्ट काढून घेऊ शकतो. पण मला इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, की ट्राय-एक्सेप्टने माझा सवलतीचा घोळ आपोआप टळला नसता, कारण तिथेही एक्सेप्ट ॲट्रिब्यूटएरर लिहिलं तर आतल्या स्पेलिंगचा एरर त्यातच पकडला जातो. ट्रायच्या आत एकच ओळ ठेवायची हे पहिलं, आणि दुसरं म्हणजे ३.१० पासून ॲट्रिब्यूटएररमध्ये नेम आणि ओबीजे अशा दोन गोष्टी मिळतात, कुठलं नाव कुठल्या ऑब्जेक्टवर सापडलं नाही ते त्यातून कळतं, मग नेम 'सवलत' नसेल तर एरर तसाच वर फेकायचा. त्याच ३.१० मध्ये 'तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का' असं जवळचं नाव सुचवायची सोयही ट्रेसबॅकमध्ये आली, आणि माझा जीव इथेच तुटतो, की पायथन बनवणाऱ्यांनी एरर इतका बोलका करून ठेवला आणि आपण मुलांना शिकवतोय की तो दिसूच देऊ नका.

हॅजॲटर वापरूच नका असं मी म्हणत नाहीये, कृपया तसा अर्थ काढू नका. जिथे 'असणं-नसणं' हीच खरी माहिती आहे तिथे ते अगदी चपखल बसतं. ओएस मॉड्यूलमध्ये फोर्क हे फंक्शन विंडोजवर नसतं, लिनक्सवर असतं, मग हॅजॲटर(ओएस, 'फोर्क') हा सरळ, स्वच्छ प्रश्न आहे, त्यात कुठे प्रॉपर्टी लपलेली नाही. दुसऱ्याने लिहिलेलं प्लगिन आहे आणि 'बंद_करा' नावाची मेथड दिली तर दिली नाही तर नाही असं ठरलंय, तिथेही विचारा, फक्त ते बोलावता येतं का हे कॉलेबलने पण बघा, कारण त्या नावाचा नुसता आकडाही असू शकतो.

पण 'या ऑब्जेक्टला अमुक ॲट्रिब्यूट आहे म्हणजे तो अमुक प्रकारचा आहे' असा निष्कर्ष काढताना दहादा विचार करा. पायथन २ मध्ये लिस्टला डंडर-इटर (__iter__, एकेक घटक देणारी मेथड) होतं आणि साध्या स्ट्रिंगला नव्हतं, म्हणून किती तरी जणांनी स्ट्रिंग आणि लिस्ट वेगळं ओळखायला हॅजॲटरने डंडर-इटर विचारायची युक्ती वापरली. पायथन ३ मध्ये स्ट्रिंगलाही ते आलं आणि ही युक्ती वापरणारं कोड एरर न देता स्ट्रिंगचं एकेक अक्षर वेगळं करत सुटलं. तिथे इझइन्स्टन्सने (ऑब्जेक्टचा प्रकार तपासणाऱ्या फंक्शनने) सरळ विचारलं असतं तर काही झालं नसतं. टेस्टमध्ये मॉक (खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी ठेवलेला नकली) वापरता तेव्हा तर लक्षात ठेवाच, मॉक जवळजवळ कुठल्याही नावाला हो म्हणतो, जगात नसलेलं नाव विचारा, मागितलं की तो ते तयार करून देतो आणि हॅजॲटर ट्रू सांगतं, त्याला स्पेक (खऱ्या क्लासचा नमुना) देऊन बांधून घातल्याशिवाय त्या टेस्टवर विश्वास ठेवू नये.

आणि खरोखर आत हात न घालता, कुठलंही कोड न चालवता बघायचं असेल तर इन्स्पेक्ट मॉड्यूलमध्ये गेटॲटर-स्टॅटिक आहे, तेही ३.२ पासूनच. ते प्रॉपर्टी चालवत नाही, प्रॉपर्टीची वस्तू तशीच उचलून दाखवतं. गंमत म्हणजे खुद्द पायथनलाही हे करावं लागलं, प्रोटोकॉल क्लासवर (ऑब्जेक्टला काय काय असायला हवं एवढंच सांगणाऱ्या क्लासवर) इझइन्स्टन्स लावलं की आधी आतून हॅजॲटर चालायचं, ३.१२ पासून तिथे गेटॲटर-स्टॅटिक वापरलं जातं, म्हणजे नुसत्या तपासणीपायी कुणाची प्रॉपर्टी चालू नये. रोजच्या कामाला हे लागत नाही, पण डीबगर (चुका शोधायचं साधन) किंवा ऑब्जेक्टची माहिती दाखवणारं काही लिहीत असाल तर हेच लागतं.

एक विनंती सदराच्या छपाईबद्दल. गेल्या भागातलं कोड छापताना सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वाकडी, शोभेची अवतरणं आली होती, ती पायथनला चालत नाहीत, तशीच टाइप केली तर सिंटॅक्सएरर येतो. दोन अंडरस्कोर जोडून एक लांब रेघ झाली होती, ती दोन आहेत हे नव्या वाचकाला कळणं शक्य नाही. आणि इफच्या खालच्या ओळी डावीकडे चिकटल्या होत्या, पायथनमध्ये त्या जागा सोडून आत सरकवून लिहिणं हा व्याकरणाचाच भाग आहे, आणि चार जागा सोडायचा रिवाज आहे. माझ्याकडे शिकणारी एक मुलगी तो कागद घेऊन आली होती, तिने अक्षर न् अक्षर तसंच टाइप केलं होतं आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून संध्याकाळभर बसली होती. पुढच्या भागात तो कोडचा तुकडा नीट छापावा, शक्य झालं तर हॅजॲटरच्या जागी गेटॲटरचं तिसऱ्या किमतीचं रूप घालून, आणि त्याखाली एका ओळीत लिहावं की आधीच्या छपाईत चूक होती. तिला तो अंक मी स्वतः नेऊन देईन.

कळावे,
आपली नियमित वाचक